शालेय शिक्षण आणि लिंगभाव : परिपत्रकापासून वर्गापर्यंत

प्रशासनात काही विषय असे असतात की त्यांचे महत्त्व सर्वांनाच मान्य असते, मात्र त्यांची फाईल कोणाच्याच टेबलावर फार दिवस थांबत नाही. स्त्री-पुरुष समानता, लैंगिकता आणि सामाजिक न्याय यांना शालेय शिक्षणात स्थान कसे द्यावे, हा त्यांपैकी एक. आरोग्य खाते म्हणते हा शिक्षण खात्याचा विषय. शिक्षण खाते म्हणते हा महिला व बालविकास खात्याचा. आणि तिघांच्या संयुक्त बैठकीत असे ठरते की याबाबत राज्यांना एक परिपत्रक पाठवावे. केंद्र सरकारच्या सेवेत निरनिराळ्या राज्यांत काम करताना अशी अनेक परिपत्रके निघताना आणि पोहोचताना मी पाहिली आहेत. ती वर्गात का शिरत नाहीत, आणि शिरायची असतील तर काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठी मुलाच्या कानावर ‘लिंग’ हा शब्द पहिल्यांदा पडतो तो व्याकरणाच्या तासाला. तो दगड, ती वाट, ते झाड. थोड्याच वर्षांत त्याला कळते की या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो मोठ्यांसमोर उच्चारायचा नसतो. व्याकरणातल्या तिसऱ्या लिंगाचे नाव तर शिवी म्हणून वापरले जाते, हेही त्याला शाळेच्या आवारातच कळते. इंग्रजीत जेथे सेक्स आणि जेंडर असे दोन शब्द आहेत, तेथे आपण बराच काळ एकाच शब्दावर भागवले. अलीकडे स्त्री-अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ हा शब्द रूढ केला आहे, आणि तो उपयुक्त आहे. निसर्गतः शरीराला जे मिळते ते लिंग. समाज त्यावर जे चढवतो तो लिंगभाव. मुलीला पाळी येते हे निसर्गाचे काम. पाळी आली म्हणून तिची शाळा सुटते हे आपले काम. शासकीय मराठीत मात्र दोहोंनाही ‘लैंगिक’ म्हटले जाते, आणि ‘लैंगिक समानता’ असे शीर्षक वाचले तरी पालक दचकतात. निम्मा वाद येथेच सुरू होतो.

या वादाचा सर्वांत मोठा भडका २००७ साली उडाला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय यांनी २००५ साली किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम सुरू केला होता. त्याच्या साहित्यातील चित्रांवरून गदारोळ झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळात विविध पक्षांच्या सदस्यांनी विरोध केला आणि कार्यक्रम थांबविण्यात आला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात आदी राज्यांनीही तेच केले. पुढे २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने, श्री. वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखाली, शाळांत लैंगिक शिक्षण देऊ नये असा अहवाल दिला. त्या साहित्यात काहीच दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. एड्सच्या भीतीतून जन्मलेल्या कार्यक्रमाने मुलांसमोर शरीर मांडले ते मुख्यतः रोगाचे स्थान म्हणून. नात्यांतील आदर, घरातील कामाची वाटणी, ‘नाही’ म्हणण्याचा आणि ‘नाही’ ऐकून घेण्याचा संस्कार, या गोष्टी त्यात दुय्यम राहिल्या. तथापि साहित्य सुधारणे ही एक गोष्ट आणि विषयच बंद करणे ही दुसरी.

योगायोग असा की त्याच २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांच्या शोषणाविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केलेला होता. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक शोषणाचा अनुभव सांगितला. असा अनुभव सांगणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिक होते. शोषण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या स्थानावरचे होते, आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. म्हणजे ज्या वर्षी राज्ये शाळेतील विषय बंद करीत होती, त्याच वर्षी सरकारचाच एक विभाग सांगत होता की निम्म्याहून अधिक मुलांना या विषयाची ओळख झालेली आहे, आणि ती सर्वांत वाईट रीतीने. दोन्ही फाईली एकाच राजधानीत होत्या. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत.

यानंतर संसदेने कायदा केला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. संमतीचे वय, जे भारतीय दंड संहितेत तोवर १६ होते, ते त्याने १८ केले. गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळविणाऱ्यास शिक्षा ठेवली. संस्थेच्या प्रमुखाने ती दडविल्यास शिक्षा अधिक कडक. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा समितीने अवघ्या २९ दिवसांत अहवाल दिला. त्यात कायद्यातील बदलांबरोबरच शालेय शिक्षणात लैंगिकतेचे शास्त्रीय आणि समानतेवर आधारलेले शिक्षण असावे असाही आग्रह होता. कायद्यातील बदल काही आठवड्यांत झाले. शिक्षणाचा भाग अहवालात राहिला.

हे असमान आहे, आणि अन्यायकारकही आहे. कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही, हे तत्त्व आपण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला लावतो. परंतु तो कायदा त्याला शाळेत नीट शिकवीत नाही. परस्परांच्या इच्छेने जवळ आलेली दोन अल्पवयीन मुले, मुलीच्या घरच्यांची तक्रार, आणि मुलगा बालन्याय मंडळापुढे, ही प्रकरणे देशभरातील न्यायालयांना परिचित आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील एका निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज विस्ताराने मांडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये, एका अल्पवयीन आरोपीच्याच प्रकरणात, हे शिक्षण नववीपासून नव्हे तर त्याआधीच्या वयापासून द्यावे असे मत नोंदविले. माझे म्हणणे एवढेच की जे शासन शिक्षा देते, त्याने आधी शिकविले असले पाहिजे.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. त्यामुळे ‘शिकवून काही बदलते का’ हा प्रश्न मला टाळता येत नाही. समानतेचे धडे देऊन वृत्ती बदलते का, की केवळ उत्तरपत्रिका बदलते? सुदैवाने या प्रश्नाचे चांगले उत्तर आपल्या देशातच मिळाले आहे, आणि तेही हरियाणात, जेथे २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३४ मुली होत्या. सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या चार जिल्ह्यांतील ३१४ सरकारी शाळांपैकी सुमारे निम्म्या शाळांत ब्रेकथ्रू या संस्थेने सातवी-आठवीच्या मुलामुलींसाठी अडीच वर्षे वर्गचर्चांचा कार्यक्रम चालविला. कोणत्या शाळांत तो चालवायचा हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले होते, म्हणून तुलना विश्वसनीय होती. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रतिगामी मतांपैकी सुमारे १६ टक्के मते बदलली, आणि कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही परिणाम टिकून होता. घरकामात हात लावू लागल्याचे मुलग्यांनी सांगितले. मुलींच्या मतांत बदल झाला तरी वागण्यात तितका झाला नाही. यात नवल नाही. मुलीचे वागणे तिच्या एकटीच्या हाती कोठे असते? तिच्या आकांक्षा आधीच मोठ्या होत्या. अडथळा होता तो इतरांच्या मनात.

या निष्कर्षातून धोरणासाठी एक धडा निघतो. आपल्या बहुतेक योजना मुलींसाठी आहेत, आणि त्या असाव्यातच. बिहारने २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे योग्य वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलगे-मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. सायकलीने अंतर कमी केले. परंतु सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी घरी परतल्यावर भांडी कोणी घासायची, हा प्रश्न सायकल सोडवू शकत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरात विनामूल्य घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात. पुरुष ८८ मिनिटे. आणि मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच सुमारे २७ टक्के आहे. हा आकडा मुलींना कितीही शिकविले तरी हलणार नाही. तो मुलग्यांना शिकविल्याने हलेल. केरळने २०२४ साली तिसरीच्या पुस्तकात नारळ खवणाऱ्या वडिलांचे चित्र छापले, त्याचे महत्त्व मला म्हणूनच वाटते. चित्राने घर बदलत नाही, पण घरात जे घडते ते एवढेच शक्य आहे ही समजूत तरी ढिली होते.

येथे सामाजिक न्यायाचा मुद्दा येतो. ‘मुलगी’ असे एकवचनी बोलून आपण फार मोठी चूक करतो. सवर्ण मध्यमवर्गीय मुलीचे शाळेतील प्रश्न आणि दलित वा आदिवासी मुलीचे प्रश्न एक नाहीत. मराठी वाचकांना याचा दाखला दूर शोधण्याची गरज नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने आपल्या जातीतील स्त्रियांच्या बाळंतपणाचे, डोक्यावर छप्पर नसण्याचे दुःख मांडले. जात आणि लिंगभाव यांचा एकत्र विचार करणे म्हणजे विद्यापीठातील नवी कल्पना आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात ठेवावे की तो विचार एका शाळकरी मुलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी केला होता.

शाळा हा विषय पुस्तकातून शिकवते त्याहून अधिक आपल्या वागणुकीतून शिकवते. वर्ग कोण झाडतो? मुली. शौचालय कोण धुतो? ते मुलाची जात पाहून ठरते. गुरुजींसाठी पिण्याचे पाणी कोणी आणायचे, आणि कोणी आणलेले चालत नाही? शिक्षणहक्क कायद्याखालील २०१० च्या केंद्रीय नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे की वर्गात, मध्यान्ह भोजनाच्या वेळी, मैदानावर, पिण्याच्या पाण्यापाशी, शौचालयात आणि शौचालय वा वर्ग साफ करण्याच्या कामात कोणत्याही बालकाला जात, वर्ग, धर्म वा लिंगभाव यांवरून वाईट वागणूक मिळणार नाही, याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणाची आहे. इतका नेमका नियम आपल्याकडे क्वचित लिहिला जातो. पण शाळा-तपासणीच्या ज्या नमुन्यांवर मी सह्या होताना पाहिल्या, त्यांत वर्गखोल्यांची, फळ्यांची, शौचालयांची संख्या विचारलेली असे. ती कोण साफ करतो हे विचारलेले नसे.

तृतीयपंथी मुलांविषयीही थोडे बोलले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थांवर समावेशक शिक्षण देण्याचे बंधन घातले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुली व तृतीयपंथी विद्यार्थी यांच्यासाठी लिंगभाव-समावेशन निधीची तरतूद आहे. यास अनुसरून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२१ साली शिक्षकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केली; आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतल्यावर काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून काढली गेली. पुस्तिकेतील कोणते विधान योग्य, कोणते अयोग्य यावर मतभेद असू शकतात. परंतु ज्या मुलाला चालण्या-बोलण्यावरून सहावीपासून टोमणे खावे लागतात आणि जे आठवीत शाळा सोडते, त्याच्यासाठी शिक्षकाने काय करावे याची हातात असलेली एकमेव पुस्तिका मागे घेताना तिच्या जागी दुसरी ठेवणे हे प्रशासनाचे कर्तव्य होते.

आता आक्षेपांकडे वळू. ते सगळेच खोडसाळ नसतात. ‘लहान वयात हे नको’ हा पहिला. तो रास्त आहे, जर ‘हे’ म्हणजे एकच गोष्ट असेल. पहिलीतील मुलाला शरीराच्या अवयवांची नावे आणि नकोशा स्पर्शाला नकार देणे एवढेच शिकवायचे आहे. पाळी व शरीरातील बदल पाचवी-सहावीत, ते होण्याच्या आधी. संमती, नाती व कायदा आठवीपासून. ‘याने मुले बिघडतील’ हा दुसरा. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक ग्रंथाने जगभरातील अभ्यास तपासून असे दाखविले आहे की अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. शिवाय मुलांच्या हातात फोन आलेला आहे. शाळेने गप्प बसायचे ठरविले तरी फोन गप्प बसत नाही. ‘हे पाश्चात्त्य आहे’ हा तिसरा. तो निदान मराठी माणसाने तरी घेऊ नये. रघुनाथ धोंडो कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मराठीत चालविले, त्यापायी खटले सोसले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हा आपला वारसा आहे; तो आपण विसरलो एवढेच.

चौथा आक्षेप पालकांच्या हक्काचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलाला काय शिकविले जाते हे जाणण्याचा पालकांना हक्क आहे. २००७ साली अनेक पालकांना ते साहित्य प्रथम दिसले ते वर्तमानपत्रात. येथे झारखंडचे उदाहरण बोलके आहे. २००६ साली तेथील शिक्षण खात्याने एका स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने ‘उडान’ नावाचा किशोरवयीनांचा कार्यक्रम सुरू केला. शेजारची राज्ये माघार घेत असताना तो चालू राहिला आणि राज्यभर पसरला. २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आवर्जून उल्लेख केला. झारखंड हे काही श्रीमंत राज्य नव्हे.

एका हिंदीभाषक राज्यात केंद्रीय योजनेच्या पाहणीसाठी गेले असताना एका माध्यमिक शाळेच्या नोंदवहीत ‘जीवनकौशल्य’ या तासापुढे वर्षभर बरोबरच्या खुणा होत्या. मुलांना विचारले तर त्या तासाला गणित होत असे. विज्ञानाच्या तरुण शिक्षिकेने बाहेर आल्यावर मला हळूच विचारले, “मॅडम, मैं तो पढ़ा दूँगी, लेकिन कल गाँव वाले आ गए तो मेरे साथ कौन खड़ा होगा?” माझ्या मते सर्व धोरणाचे मर्म या प्रश्नात आहे. आपण शिक्षिकेला विषय दिला, पाठबळ दिले नाही.

यास्तव काही सूचना मांडते.

(१) विषयाचे पालकत्व एकाच यंत्रणेकडे असावे. राज्य शैक्षणिक संशोधन परिषद ही योग्य जागा. फेब्रुवारी २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्याची आणि ११ विषयसूत्रांची योजना आहे. चौकट तयार आहे. तिला वेळापत्रकात पक्का तास हवा.

(२) साहित्य वर्गात जाण्याआधी पालकांना दाखवावे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदाच आहे. ती समिती केवळ खिचडीच्या हिशेबासाठी नाही.

(३) मान्य अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आल्यास तिचे उत्तर खाते देईल, शिक्षक नव्हे, असा लेखी आदेश काढावा. निवडणुकीच्या कामावरील शिक्षकामागे जसा आयोग उभा असतो, तसे खात्याने उभे राहावे.

(४) शाळा-तपासणीच्या नमुन्यात कामाची वाटणी, पंगत व पाणी यांविषयीचे प्रश्न घालावेत आणि उत्तरे मुख्याध्यापकांकडून नव्हे, मुलांकडून घ्यावीत.

(५) यशाचे मोजमाप किती शिक्षक प्रशिक्षित झाले यावर नसावे. हरियाणातल्याप्रमाणे मुलांचे मत आणि वागणे बदलले का, हे त्रयस्थांनी तपासावे.

यांपैकी एकाही सूचनेला फार पैसा लागत नाही, आणि तीन सूचनांना तर केवळ एका सहीची गरज आहे.

शेवटी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी. भोपाळ, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे आपली मुले ज्या शाळांत जातात तेथे आपण अनेकदा पाहुण्यासारखे वागतो; पालकसभेत गुणपत्रिका पाहून परततो. पुढच्या सभेत एवढेच विचारावे की सहावीच्या मुलींना पाळीविषयी कोण सांगते, त्या वेळी मुलगे कोठे असतात, आणि एखाद्या मुलाला काही सांगायचे असेल तर ते त्याने कोणाकडे जाऊन सांगायचे. मुख्याध्यापकांना तिसऱ्या प्रश्नाला व्यक्तीचे नाव घेऊन उत्तर देता आले नाही, तर परिपत्रक त्या शाळेपर्यंत पोहोचून तेथेच थांबले आहे असे समजावे. मग ते नाव ठरेपर्यंत प्रत्येक सभेत हा प्रश्न विचारीत राहावे.